कलप उतला तेव्हा

गणेशचतुर्थीच्या तीन दिवस आधी, दुपारच्या वेळी, मी रत्नागिरीतल्या एका पार्लरमध्ये केसांना रंग लावून घेतला आणि हरतालिकेच्या पहाटे उठले तेव्हा माझा उजवा डोळा उघडत नव्हता. डावा किलकिला होत होता, पण त्यातून आरशात जी बाई दिसली तिला मी ओळखले नाही. कपाळ पुढे आले होते, कानांच्या पाळ्या लाल आणि जड झाल्या होत्या, केसांच्या कडेने थेट मानेपर्यंत बारीक पाण्याचे फोड उठले होते. मखराचे काम अर्धे पडले होते, दीर आणि जाऊबाई कोकणकन्येने येऊन पोहोचायचे होते, आणि घरच्या सुनेला नारळ कोणता व खोवणी कोणती हे हाताने चाचपून ओळखावे लागत होते. ऐंशी ओलांडलेल्या सासूबाईंनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवले आणि म्हणाल्या, "अगो, हे तर बिब्बा उतल्यासारखं दिसतंय. तोंडाला लावलंस तरी काय?"

तोंडाला मी काहीच लावले नव्हते. पण "उतणे" हा शब्द त्यांनी अचूक वापरला होता, हे मला दोन दिवसांनी कळले.

अंगाला लागलेली वस्तू सूज, फोड होऊन बाहेर येणे म्हणजे ती उतणे; कोकणात हे क्रियापद लहान मुलालाही समजते. बिब्बा, काजू आणि आंबा ही तिन्ही एकाच आम्रकुलातली झाडे. बिब्ब्याचे काळे तेल, काजूच्या टरफलातला दाहक चीक आणि आंब्याचा देठ मोडल्यावर उडणारा चीक हे तिन्ही अंगावर उततात आणि तिन्ही माणूस पाहून उततात. फाल्गुन-चैत्रात ओले काजूगर सोलणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल चोळूनच बसतात. तरी एखादीची बोटे सोलवटून निघतात आणि तिच्याच शेजारी बसलेल्या जावेच्या हाताला काही म्हणजे काही होत नाही. माझ्या माहेरी, गुहागर तालुक्यात, आजी टाचेच्या भेगांवर बिब्बा घालत असे. सुईला टोचलेला बिब्बा दिव्याच्या ज्योतीवर धरला की त्याचे तेल सुटते, ते थेंबाने लावायचे. पण समोरचा माणूस कितीही कण्हत असला तरी आजी पहिल्या दिवशी सुईच्या अग्राने एवढासा ठिपका लावून थांबे आणि "परवा दाखवायला ये" म्हणून त्याला वाटेला लावी. एकदा शेजारच्या काकांनी कुरकुर केली की गेल्या वर्षी तर लावला होता, काही झाले नव्हते. त्यावर तिने दिलेले उत्तर घरात अजून सांगतात: "गेल्या वर्षी उतला नाही म्हणून यंदा उतणार नाही, असं बिब्ब्यानं तुला लिहून दिलंय काय?"

पार्लरमधल्या मुलीने मला जे विचारले, ते आजीच्या त्या काकांच्या बाजूचे होते. खुर्चीवर बसवून गळ्याभोवती कापड बांधताना ती म्हणाली, "काकू, याआधी कलर केलाय ना?" मी म्हटले, अकरा वर्षे करते आहे, घरीच, दर पाच आठवड्यांनी. "मग काही टेन्शन नाही." मलाही ते पटले. खरे तर मी पार्लरची पायरी चढले ती खांदा धरल्यामुळे. हात मागे नेऊन स्वतःच्या डोक्याला ब्रश फिरवणे जमेनासे झाले होते. रंग लावून झाल्यावर वाटीत उरलेल्या मिश्रणाचा एक हात भुवयांवर फिरवू का, असेही तिने प्रेमाने विचारले. मला बाजारातून पत्री आणि कापूर घेऊन घरी पोहोचायची घाई होती, म्हणून मी नको म्हटले. शहाणपणा म्हणून नव्हे, हे कबूल केले पाहिजे.

"आधी केलाय ना" या प्रश्नात सगळी चूक साठलेली आहे, आणि ती चूक इतकी सरळसोट, समजूतदार वाटणारी आहे की तिच्यावर कोणी बोट ठेवत नाही. त्वचेची ही ॲलर्जी पहिल्या भेटीत सहसा दिसतच नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीला एखादा पदार्थ "ओळखीचा शत्रू" म्हणून नोंदवायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. ती नोंद पहिल्या संपर्कात होईल, पन्नासाव्या होईल किंवा कधीच होणार नाही. एकदा ती झाली की पुढच्या संपर्कानंतर एक ते तीन दिवसांत अंग उठते, आणि ती नोंद बहुधा जन्मभर पुसली जात नाही. म्हणजे ज्या बाईने कधीच कलप लावलेला नाही तिच्यापेक्षा जिने अकरा वर्षे लावला आहे तिनेच अधिक जपून राहायला हवे. अनुभव हा इथे जामीन राहत नाही, उलट तोच धोक्याचे भांडवल असतो.

शिवाय माझ्या अंगाने मला आगाऊ सूचना दिलेली होती. गेले वर्षभर रंग लावल्यानंतर दोन दिवस कानांमागे खाज येत असे. भाद्रपदात, आणि तसे पाहिले तर वर्षाचे आठ महिने, आमच्या किनाऱ्यावर घाम अंगाला चिकटूनच असतो, त्यामुळे खाजेचा आळ मी घामावर घेतला. घामाने भागेना तेव्हा चष्म्याच्या काड्यांवर घेतला, चष्मा बदलला, आणि नव्या चष्म्यानेही खाज येते म्हणून दुकानदाराशी हुज्जतही घातली. त्या भल्या माणसाची मी या लेखातून क्षमा मागते.

पार्लरला फोन केला तेव्हा "गरम पडलं असेल, कोरफड लावा" असा सल्ला मिळाला. कोरफड लावली. नंतर जाऊबाईंच्या आग्रहावरून खोबरेल तेल लावले. चतुर्थीला गणपती बसला तेव्हा मी आतल्या खोलीत डोळ्यांवर गार पाण्याच्या घड्या ठेवून पडले होते आणि आरतीच्या आवाजावरून कोण कोण आले आहे ते ओळखत होते. त्वचारोगाच्या डॉक्टर दुसऱ्या दिवशी भेटल्या. त्यांनी आधी श्वास घ्यायला त्रास होतो का, घसा किंवा जीभ सुजली आहे का, हे विचारले. तसे असते तर दवाखान्याची वेळ होण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायला हवे होते. मग डोके सौम्य शाम्पूने आणि भरपूर पाण्याने पुन्हा धुवायला सांगितले, कारण मी तेलाचे लेप चढवण्यात गुंतले होते आणि राहिलेला रंग नीट काढून टाकण्याची साधी गोष्ट कोणाला सुचलीच नव्हती. काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या, खाज शमवणारे औषध आणि एक मलम एवढ्यावर सूज आठवड्याभरात उतरली. पाठोपाठ कपाळाची आणि कानांची त्वचा कोंड्यासारखी सुटत राहिली ती पितृपक्ष सरेपर्यंत.

मला सर्वांत मोठे कोडे पडले होते ते सासूबाईंच्या प्रश्नाचे. रंग डोक्याला लावला, मग तोंड का सुजले? डॉक्टरांनी सांगितले की टाळूची त्वचा जाड आणि तेलकट असते, ती बराच मारा सोसते. पापण्यांची त्वचा शरीरात सर्वांत पातळ. त्यामुळे कलपाची ॲलर्जी पुष्कळदा टाळू सोडून पापण्या, कपाळ, कान आणि मान येथेच आधी उमटते आणि रोगी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन बसतो. दुसरी भीती माझ्या मनात होती ती मी लाजत लाजत विचारली: हे रंगलेले केस आता काढून टाकावे लागतील का? तर नाही. रंग पूर्ण तयार होऊन केसात बसला आणि केस स्वच्छ धुतले गेले की त्या केसांपासून सहसा अपाय होत नाही. उपद्रव होतो तो रंग तयार होत असताना.

हे तयार होणे समजून घेण्यासारखे आहे. कायमच्या कलपातला मुख्य पदार्थ पॅरा-फेनिलिनडायअमाइन, ज्याला सगळे पीपीडी म्हणतात, तो मुळात रंगहीन असतो. त्याचा रेणू इतका लहान की अमोनियाने केसाचे खवले फुगून उघडले की तो आत शिरतो. दुसऱ्या नळीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडने त्याचे ऑक्सिडीकरण होते, तो इतर रेणूंशी जुळून मोठा, रंगीत होतो आणि मोठा झाल्यामुळे केसातून बाहेर पडू शकत नाही. म्हणूनच रंग टिकतो. पण हे घडत असतानाच्या त्या अर्ध्यापाऊण तासात अर्धवट बदललेले रेणू त्वचेतल्या प्रथिनांनाही चिकटतात, आणि प्रतिकारशक्तीला परके वाटते ते हे जोडपे. बिब्ब्याचे तेल आणि काजूचा चीक त्वचेत जाऊन हेच करतात. रसायन वेगळे, कारस्थान एकच. त्यामुळे सासूबाईंचे निदान, डॉक्टरांच्या भाषेत सांगायचे तर, यंत्रणेच्या दृष्टीने बरोबर होते. मी हे घरी येऊन सांगितले तेव्हा त्यांनी फक्त "मग मी काय म्हटलं होतं?" एवढेच विचारले.

"अमोनियामुक्त" या शब्दाने मी पूर्वी फार निर्धास्त होत असे. अमोनिया काढला की वास जातो आणि डोळ्यांची चुरचुर कमी होते. केस उघडण्यासाठी दुसरे अल्क घालतात, आणि पीपीडी किंवा त्याचे भावंड बहुधा जागच्या जागी असते. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २००६ साली पीपीडीला "वर्षाचा ॲलर्जीकारक पदार्थ" म्हणून निवडले होते. युरोपीय संघात डोक्याला लागणाऱ्या मिश्रणात त्याचे प्रमाण २ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे. गडद काळा रंग हवा तर तो जास्त लागतो, आणि आपल्याला काळाच हवा असतो.

आता खोक्याविषयी. सूज उतरल्यावर मी घरातले जुने कलपाचे खोके काढले आणि सासऱ्यांचे भिंग लावून त्यावरचा मजकूर अकरा वर्षांत पहिल्यांदा वाचला. आपल्याकडच्या १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांनी कलपाच्या वेष्टनावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत सावधानतेची सूचना छापणे बंधनकारक केले होते: यातील घटकांमुळे काहींच्या त्वचेचा दाह होऊ शकतो म्हणून आधी चाचणी घ्यावी, आणि भुवया व पापण्यांना हा रंग लावू नये, लावल्यास अंधत्व येऊ शकते. सोबतच्या माहितीत पद्धतही द्यायची: कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडी जागा धुऊन तयार रंग लावावा, वाळू द्यावा, २४ तासांनी धुऊन पाहावे; आणि ही चाचणी प्रत्येक वेळी, दर वापराआधी करावी. "प्रत्येक वेळी" या शब्दांवर माझे भिंग बराच वेळ अडकून राहिले. त्या नियमाचा मसुदा लिहिणाऱ्याला माझी आजी भेटली असावी.

अंधत्वाची भाषा मला पूर्वी वकिली अतिशयोक्ती वाटली असती. परंतु १९३३ च्या सुमारास अमेरिकेत "लॅश ल्यूर" नावाचा, भुवया-पापण्या रंगवण्याचा असाच एक कलप विकला जात होता. त्याने स्त्रियांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाल्या, दृष्टी गेली, एक मृत्यूही झाला, आणि १९३८ मध्ये तिथे सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कक्षेत आली त्यामागे ही प्रकरणे होती. त्या दुपारी पत्री आणि कापूर आणायचा राहिला होता, हे माझे नशीब.

पण पार्लरमध्ये खोके गिऱ्हाइकासमोर येतच नाही. नळ्या मागच्या खोलीत पिळल्या जातात, खोके केराच्या डब्यात जाते आणि आपल्यापुढे येते ती मिश्रणाची वाटी. सूचना ज्याने वाचायची त्याच्याऐवजी ज्याला वाचायला वेळ नाही त्याच्या हातात ती पडते. चाचणीला खर्च नाही, यंत्र नाही, कौशल्य नाही; तिला लागतात फक्त मधले दोन दिवस, आणि पार्लरचा सगळा व्यवहार असा मधला वेळ नसावा यावरच उभा आहे. सणाच्या आधी तर अधिकच. २४ तासांचा अवधीही मला अपुरा वाटतो, कारण माझ्या पापण्या सुजल्या त्या जवळजवळ चाळीस तासांनी. पुष्कळ खोक्यांवर आता ४८ तास लिहिलेले असते, ते बरे. ठिपका झाकायचा नाही, आणि खाज, लाली किंवा फोड यांपैकी काहीही दिसले तर तो रंग डोक्याला लावायचा नाही, एवढेच. काही दिसले नाही म्हणजे पूर्ण अभय मिळाले, असेही नाही.

दवाखान्यातली पॅच टेस्ट ही याहून वेगळी गोष्ट. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योसेफ याडासोन यांनी ती १८९५ मध्ये मांडली आणि तिचे मूळ रूप आजही फारसे बदललेले नाही. संशयित पदार्थ ठरावीक प्रमाणात घेऊन, पीपीडी असेल तर व्हॅसलीनमध्ये १ टक्का, लहान चकत्यांमध्ये भरून पाठीवर पट्टीने चिकटवतात. आजार ताजा असताना किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना ती करत नाहीत. आणि आमच्या हवेत पावसाळा संपेपर्यंत पाठीवर चिकटपट्टी टिकत नाही, म्हणून डॉक्टरांनी मला मार्गशीर्षात बोलावले. सोमवारी वीसेक चकत्या लागल्या. बुधवारी काढल्या, पहिली पाहणी झाली, शुक्रवारी दुसरी. मधे पाठ भिजवायची नाही, ओझे उचलायचे नाही, घाम येईल असे काही करायचे नाही. आणि नेमका मधे मार्गशीर्षातला गुरुवार. डोक्यावरून न्हाल्याशिवाय घट कसा मांडायचा, हा प्रश्न मी घाबरत घाबरत सासूबाईंकडे नेला. त्या म्हणाल्या, "अंग पुसून घे. लक्ष्मीला काय ठाऊक नाही?"

शुक्रवारी पाठीवर एक चौकट लाल, वर उठलेली आणि बारीक फोडांनी भरलेली होती. मोबाइलवर काढलेला तिचा फोटो मी अजून ठेवला आहे. डॉक्टरांनी एक कार्ड दिले. त्यावर पीपीडीबरोबर टाळायच्या गोष्टींची नावे आहेत, कारण त्याच्याशी रचनेने मिळतीजुळती द्रव्ये इतरत्रही भेटतात: दुसरे कलप, बधिरतेसाठी वापरले जाणारे बेंझोकेन, काही काळे रबर, काही कापडी रंग. दाताच्या डॉक्टरकडे जातानाही हे कार्ड घेऊन जा, असे त्यांनी बजावले.

आणि काळी मेंदी. सूज आलेली असताना समाचाराला आलेल्या बायकांपैकी निम्म्या जणींनी मला तिचीच शिफारस केली होती, कारण ती "नैसर्गिक". मेंदीच्या पानातल्या लॉसोनने केस तांबूस-नारिंगी होतात, काळे होत नाहीत. नुसत्या वनस्पतींनी काळे करायचे तर मेंदीवर वेगळी नीळ चढवावी लागते आणि त्यात अर्धा दिवस जातो. जी पूड अर्ध्या तासात काळेभोर करते तिच्यातला काळेपणा पानाचा नाही, आणि अशा पुड्यांमध्ये पीपीडी सापडते. समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांच्या दंडावर काळ्या मेंदीचे विंचू आणि नांगर काढून देतात त्यात तर ते कलपापेक्षाही तीव्र असू शकते. माझ्या भाचीने हौसेने असा नांगर काढून घेतला होता. तो खाजला, फोडला आणि गेला तेव्हा नांगराच्याच आकाराचा फिकट डाग ठेवून गेला. ती तेवीस वर्षांची आहे. तिचे केस पिकायला लागतील तेव्हा कलपाचा रस्ता तिच्यासाठी बहुधा बंद झालेला असेल, हे मी तिला सांगितले. ती हसली. तेवीसाव्या वर्षी मीही हसले असते.

मी शुद्ध मेंदी एकदा लावून पाहिली, आधी कोपराच्या आत ठिपका लावून, दोन दिवस थांबून. काही उतले नाही, पण डोके पिकल्या सुपारीसारखे दिसू लागले, तेव्हा तो नाद सोडला. आता केस पांढरे आहेत. सुरुवातीचे काही महिने, कपाळापासून चार बोटे पांढरे आणि पुढे काळे, अशा अवस्थेत लग्नकार्यांना जाणे मला जड गेले, हे लपवण्यात अर्थ नाही.

गेल्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्याच पार्लरमध्ये केस कापायला गेले. तीच मुलगी होती. मी कार्ड दाखवले, काय झाले ते सांगितले. ती खरोखर ओशाळली. मग म्हणाली, "काकू, दोन दिवस आधी ठिपका लावायला या म्हटलं, तर गिऱ्हाईक समोरच्या पार्लरला जातं. तिथं कोण विचारत नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ती कात्री चालवत असताना आरशात तिचे हात दिसले. बोटांच्या पेरांवर भेगा होत्या, नखांच्या कडेची कातडी सुटलेली होती, आणि मनगटावर, जिथे हातमोजा संपतो तिथे, लाल पट्टा होता. रंगाच्या खोक्यात मिळणारे पातळ हातमोजे ती उलटे करून दुसऱ्यांदा वापरते, आणि डोके धुताना तर काढूनच ठेवते, कारण मोज्यात केस अडकतात.

"खाजतं?" मी विचारले.

"ते पाण्यानं होतं, काकू. दिवसभर हात ओले."

मी पर्समधून कागद काढून डॉक्टरांचा पत्ता आणि वेळ लिहून दिली, आणि पॅच टेस्टसाठी सोमवारी जावे लागते, हेही खाली लिहिले. तिने कागद आरशाच्या चौकटीत खोचला. "गणपती झाले की जाते," म्हणाली, आणि खुर्चीवर येऊन बसलेल्या पुढच्या बाईसाठी मागच्या खोलीत वाटी कालवायला निघून गेली.